अल्टरनेटरमधील दोष : निदान आणि दुरुस्ती

सकाळी मोटारीचे इंजिन सुरू झाले नाही की सारा दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. नवी बॅटरी बसविली जाते आणि चार दिवसांनी तीही उतरते. वस्तुतः बॅटरी म्हणजे विजेची केवळ साठवण. ती भरण्याचे काम इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर करतो. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करावे, हा या कामातील पहिला नियम होय.

इंजिन बंद असताना बारा व्होल्टच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन सुरू करून वेग थोडा वाढविल्यावर तो साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो चढलाच नाही, तर बॅटरी भरली जात नाही असे समजावे. १५ व्होल्टच्या वर गेला, तर बहुधा रेग्युलेटर बिघडलेला असतो. अलीकडच्या ज्या गाड्यांत हा दाब संगणक ठरवितो, त्यांना मात्र हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

दाब चढत नसला तरी अल्टरनेटर लगेच उतरवू नये. पट्टा सैल आहे काय, तारांची टोके गंजली आहेत काय, हे आधी पाहावे. अनेक गाड्यांत रोटरला आरंभीचा प्रवाह सूचक दिव्यातून मिळतो. किल्ली फिरविल्यावर हा दिवा लागत नसेल, तर प्रथम दिवा व त्याची तार तपासावी. ती ठीक असल्यास ब्रशांचा संशय घ्यावा.

अल्टरनेटर उतरविण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी, कारण त्याची मुख्य तार इंजिन बंद असतानाही बॅटरीशी जोडलेली असते. आतील कार्बनचे ब्रश झिजून आखूड झाले की फिरत्या कड्यांना नीट टेकत नाहीत. ते बदलणे हे अल्पखर्चाचे काम आहे. त्यानंतर डायोड पाहावेत. स्टेटरमधील प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करण्याचे काम सामान्यतः सहा डायोड करतात. जोडणी सुटी करून मीटरने तपासल्यास चांगला डायोड एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो. दोन्ही दिशांनी जाऊ देणारा किंवा मुळीच न जाऊ देणारा डायोड निकामी होय. डायोडमधून प्रवाह उलट झिरपू लागला, तर उभ्या गाडीचीही बॅटरी उतरते.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटरची परीक्षा घेण्याची सवय मात्र घातक आहे. बॅटरीचा आधार सुटताच दाब एकदम उसळतो आणि धडधाकट डायोडही जळू शकतात. अशा वेळी दोष शोधणाराच नवा दोष निर्माण करतो.