सेल्फ उचलत नाही: दोष बॅटरीचा की अर्थिंगचा?

बहुतेक जुन्या मोटारींत बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते. दिवे, हॉर्न, सेल्फ या सगळ्यांचा परतीचा प्रवाह त्या पत्र्यातूनच बॅटरीकडे येतो. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने पत्र्यापासून अलग राहते, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत विणलेल्या तांब्याची जाड पट्टी जोडतात. ही अर्थिंगची पट्टी चिखल, पाणी आणि तेलाच्या माऱ्यात असते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तिचे धागे तुटतात, बोल्टखाली गंज धरतो आणि सेल्फ उचलेनासा होतो. गॅरेजमध्ये निकाल एकच लागतो: बॅटरी गेली.

प्रस्तुत लेखकाच्या प्रीमियर पद्मिनीला हाच निकाल भोवला. वायरमनने आधी नवी बॅटरी बसवली, मग अल्टरनेटर बदलला, मग सेल्फ उघडून दुरुस्तीला पाठवला. या सगळ्यात त्याने मीटर एकदाही हातात घेतला नाही. गाडी पुन्हा अडली की "जुनी गाडी आहे, विकून टाका" हे उत्तर तयार असे. दोष कळला तो चोकमुळे. सेल्फ मारताना ओढून धरलेली चोकची मूठ चटका बसावा इतकी तापली होती. चोकच्या केबलमध्ये विजेचे काहीच काम नसते. ती तापते याचा अर्थ पट्टीची वाट जवळजवळ बंद झाली असून सेल्फचा बराचसा प्रवाह त्या बारीक पोलादी केबलमधून परत चालला आहे. पट्टी सोडवली तेव्हा बोल्टजवळ मोजकेच धागे शिल्लक होते. ती वायरमनसमोर ठेवल्यावर "आम्ही बॅटरीचं काम केलं, अर्थिंगचं कुणी सांगितलं नव्हतं" एवढेच तो म्हणाला. काढलेला अल्टरनेटर परत मागितला, तर तो भंगारात गेला होता. दोष शोधण्यासाठीच ज्याला पैसे दिले जातात, त्याने दोषाचे नाव गिऱ्हाइकाने सांगावे अशी अपेक्षा धरणे ही कामचुकारी आहे.

असा दोष टेस्ट लॅम्पने सापडत नाही. दिव्याला जेमतेम एक-दोन अँपिअर लागतात आणि तेवढे चार शाबूत धाग्यांतूनही जातात. सेल्फ मात्र लहान मोटारीतही शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. जोडात 0.01 ओहम इतकाच रोध असला, तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. म्हणून मोजणी प्रवाह चालू असतानाच करावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर (लगवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरावे आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास असेल तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर दोष याच वाटेवर आहे. मग इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी असे तुकडे वेगळे मोजावेत. जोड उघडून पॉलिश पेपरने धातू लखलखीत करावा, घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. बोल्टखाली रंग राहू देऊ नये.

बाकीच्या तपासण्या सोप्या आहेत. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नये, वायर जळेल. काढलेला प्रत्येक भाग मालकाने मागून घ्यावा आणि काम सांगण्यापूर्वी मोजलेले आकडे लिहून मागावेत. आकडे द्यायला जो कचरतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये.

प्रवाह चालू असताना मोजण्याचा हाच नियम बोटीलाही लागू पडतो. मासेमारीच्या लाकडी किंवा फायबरच्या बोटीत पत्र्याची वाट नसतेच. प्रत्येक उपकरणाला जाण्याची आणि परतीची अशा दोन तारा लागतात, म्हणजे जोडही दुप्पट. खारी हवा वेष्टनाच्या आतून तांब्यात चढते. टोक ठीक दिसले तरी वेष्टन थोडे सोलून पाहावे. आतले तांबे काळे असेल तर चकाकी लागेपर्यंत तार कापावी, आणि तशी ती लागलीच नाही तर कथिलाचा मुलामा दिलेली नवी तार ओढावी. वायरलेसची परीक्षा तर बोलूनच होते. ऐकताना व्हीएचएफ संच एक अँपिअरही घेत नाही, पण 25 वॉटवर बोलताना सुमारे पाच अँपिअर घेतो. त्यामुळे खराब जोडावर तो ऐकवतो नीट आणि बोलण्याचे बटण दाबताच बंद पडतो. पावसाळी बंदीनंतर बोट पाण्यात उतरवताना तांडेलाने संच नुसता लावून पाहू नये. पूर्ण शक्तीवर बोलत असताना संचाच्या मागच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत आणि त्याच क्षणी बॅटरीवरही. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर मधले जोड आणि फ्यूजचे होल्डर उघडावेत.