काळजीवरची गोळी : घ्यावी की नको?

परीक्षा जवळ आली की छातीत धडधडतेच; त्याला औषध लागत नाही. पण कित्येक महिने धड झोप नाही, मूल घराबाहेर पडेनासे झाले, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. त्रास सौम्य असेल तर बहुधा आधी समुपदेशनच सुचवतात.

त्रास जास्त असेल तर चिठ्ठीवर नैराश्यावरचे औषध येते आणि घरचे दचकतात, "आमच्या मुलीला नैराश्य कुठे आहे?" सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही औषधे चिंतेच्या आजारावरही देतात. दुसरी भीती सवयीची. ती आम्ही बुऱ्हाणपुरात नेहमी ऐकतो. सवय लागू शकते ती अल्प्राझोलॅमसारख्या, तासाभरात शांत करणाऱ्या गोळीची. ही औषधे निराळी. गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकते, आणि नेमकी तेव्हाच माणसे गोळी सोडतात! बरे वाटल्यावरही ती एकदम थांबवू नये. चक्कर येते, बेचैनी वाढते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

एक धोका पालकांनी लपवू नये. लहान वयात या औषधांच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुलांसाठी तसा इशारा दिला व 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. म्हणून पहिले काही आठवडे मुलाला एकटे सोडू नये, वागणे बदलले तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

गोळी ठरवणे आमचे, शिक्षकांचे काम नव्हे. रात्री-अपरात्री बोलायचे असल्यास सरकारची 'टेली-मानस' सेवा 2022 पासून आहे : 14416, विनामूल्य.