नागर भोजन, द्राक्षमद्य आणि वैद्याचे प्रश्न

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. पुढे नाशिकची वाइन मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत रुळली. ‘वाइन म्हणजे द्राक्षासवच ना?’ असा प्रश्न त्यामुळे चिकित्सालयात व औषधालयात विचारला जातो.

उत्तर मात्रेत आहे. १२ टक्के मद्यार्काच्या वाइनच्या १५० मिली पेल्यात १८ मिली मद्यार्क असतो. १० टक्के मद्यार्क धरला तरी २० मिली आसवात तो केवळ २ मिली. आसव ही औषधी कल्पना आहे, पेय नव्हे.

चरकाचार्यांनी मदात्यय-चिकित्सेत मार्द्वीक मद्य कफपित्तप्रधानांस हितकर म्हटले. परंतु अन्न, पान, वय, व्याधी, बल व काल यांचा विचारही सांगितला. आज त्यास शिफारस समजू नये. मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून रुग्णास पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. भोजन किती वाजता झाले? पूर्वीचे अन्न जीर्ण झाले होते काय?
२. मासे व दुधाची साय एकाच पदार्थात होती काय? (विरुद्धाहार)
३. पेले किती? उपाशीपोटी की भोजनासह?
४. कोणती औषधे चालू आहेत?

चौथा प्रश्न प्राणरक्षक ठरू शकतो. इन्सुलिन अथवा ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही रुग्णाने उपाशीपोटी मद्य घेतल्यास रक्तशर्करा घातक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, कंप व असंबद्ध बोलणे ही लक्षणे तेव्हा ‘मद’ समजून दुर्लक्षिली जातात. अशा रुग्णाची रक्तशर्करा तत्काळ तपासावी. औषधालयचालकांनीही आसवारिष्ट देताना हा प्रश्न अवश्य विचारावा.