दुखणे नेमके कसे सांगावे?



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. दगडाने फुटलेले डोके साऱ्या गावाला दिसते. पण सौंसरच्या संत्राबागेत ओझी उचलून वर्षभर दुखणारी कंबर कुणालाच दिसत नाही. तिचे दुखणे ज्याचे त्यानेच सांगावे लागते. तीन महिन्यांहून अधिक टिकते ते जुनाट दुखणे.

डॉक्टर विचारतात, "शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे असह्य. तुमचे किती?" हा आकडा कितपत भरवशाचा?

आपण तराजू कसा तपासतो? तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवून. शास्त्रज्ञही तसेच करतात. हाताच्या कातडीला सोसवेल इतकी कमी-जास्त उष्णता, क्रम न सांगता, अनेक वेळा लावतात आणि दर वेळी आकडा विचारतात. सारख्या उष्णतेला सारखा आकडा आणि जास्तीला जास्त आला, तर सांगणे नेमके. काहींचे आकडे स्थिर राहतात, काहींचे फार हलतात.

आकडा हलला म्हणजे माणूस खोटा, असे मात्र नाही. दुखणाऱ्याच्या सांगण्याचा मान राखावा, असे जागतिक वेदना-अभ्यास संघटनेने 2020 साली स्पष्ट केले आहे. शिवाय नेमके सांगणे शिकता येते. मधुमेहामुळे नसा दुखणाऱ्या रुग्णांना तसा सराव दिला, तेव्हा नुसत्या खोट्या गोळीने बरे वाटण्याचे प्रमाण घटले, असे 2018 च्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे खरे औषध ओळखणे सोपे होते.

घरी एवढे करा :

1. रोज एकाच वेळी, निजण्यापूर्वी, वहीत आकडा लिहा. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या.
2. त्या दिवशीचे काम आणि रात्रीची झोपही नोंदवा.
3. नुसते "दुखते" म्हणू नका. ठणकते, चमक निघते, आग होते की मुंग्या येतात, ते सांगा. आग आणि मुंग्या नसांच्या दुखण्यात पुष्कळदा असतात.
4. डॉक्टरांनी लक्ष द्यावे म्हणून वाढवू नका. "होईल बरे" म्हणून लपवूही नका.

कंबरदुखीसोबत ताप आला, पाय लुळे पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर वही बाजूला ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.