हिवताप, डेंग्यू आणि घरातले स्वच्छ पाणी

ॲनाफेलिस स्टिफेन्सी या डासाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९०१ मध्ये झाले, आणि त्याचा मान वऱ्हाडाकडे जातो. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर ग्लेन लिस्टन यांनी एलिचपूरमध्ये, म्हणजे आजच्या अचलपुरात, सापडणाऱ्या ॲनाफेलिस डासांची नोंद प्रसिद्ध केली, तीत हा डास होता. त्याआधी चारच वर्षे, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी दिसला होता. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या शहरी वस्तीत हिवताप पसरवतो तो मुख्यतः लिस्टन यांनी वर्णिलेला हाच डास.

स्टिफेन्सीला गटार नको असते. त्याला साचलेले, पण स्वच्छ पाणी लागते. मुंबईत हे चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने स्पष्ट केले. तोवर हिवताप म्हणजे दलदल आणि पाणथळ जमिनीचा रोग, असे मानले जाई. बेंटली यांना या डासाच्या अळ्या सापडल्या त्या भरवस्तीतल्या घरगुती विहिरींत. अहवालानंतर विहिरी बुजवण्याची, त्यांवर झाकणे बसवण्याची मोहीम निघाली, तेव्हा विहिरीचे पाणी धार्मिक विधींना लागते म्हणून अनेक मालकांनी विरोध केला. तो विरोध समजण्यासारखा होता. पण त्यापायी डासांना मिळालेली सवलत शहराला महागात पडली.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बहुतेक विहिरी आज वापरात नाहीत, तरी डासाची सोय कमी झालेली नाही. गच्चीवरच्या टाकीचे झाकण फुटलेले किंवा सरकलेले असते, जमिनीखालच्या टाकीच्या तोंडावर नुसता पत्रा ठेवलेला असतो. दिवा, मुंब्रा किंवा डोंबिवलीलगतच्या गावांत पाणी पुरेसे येत नाही, म्हणून पिंपे आणि हंडे भरून ठेवावे लागतात. सर्वांत मोठा प्रश्न मात्र बांधकामांचा आहे. घोडबंदर रस्ता, खडकपाडा, शीळफाटा, टिटवाळा या पट्ट्यांत एकामागून एक इमारती उभ्या राहत आहेत. स्लॅब भिजत ठेवण्यासाठी त्यावर पाण्याची तळी केली जातात, लिफ्टच्या खड्ड्यात पाऊस साचतो, तळघरात आठवडेच्या आठवडे पाणी राहते. तिथेच मजूर कुटुंबांसह झोपतात. त्यांतला एखादा हिवतापाच्या भागातून परजीवी घेऊन आलेला असला, की डास आणि रोगी एकाच छपराखाली येतात. म्हणून बांधकामावरील प्रत्येक तापाच्या रुग्णाचे रक्त तपासणे ही त्या मजुराची काळजी आहेच, शिवाय शेजारच्या सोसायटीचे संरक्षणही आहे. बिल्डरने हा खर्च टाळू नये.

या डासाने आता खंड ओलांडला आहे. आफ्रिकेत तो प्रथम २०१२ मध्ये जिबूतीत आढळला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे जेमतेम २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या ७३ हजारांवर गेली. आफ्रिकेतील जुने वाहक डास प्रामुख्याने खेड्यापाड्यांतले, हा मात्र शहरात टाक्यांमध्ये वाढणारा. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याचा प्रसार रोखण्यासाठी स्वतंत्र मोहीम हाती घेतली. भारतीय शहरांना शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत असलेली गोष्ट तेथील शहरे आज नव्याने शिकत आहेत.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती हाही स्वच्छ पाण्याचाच डास. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, आणि चावण्याची वेळ दिवसाची, विशेषतः सकाळची आणि सूर्यास्तापूर्वीची. त्याला टाकीही लागत नाही. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, गच्चीवर पडलेला टायर, पावसाळ्यात छपरावर टाकलेल्या ताडपत्रीची घडी एवढ्यावर त्याचे भागते. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढताच फुटतात. पिंप नुसते रिकामे करून पुन्हा भरले, तर अंडी जागच्या जागी राहतात. आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासून काढणे यासाठीच आवश्यक आहे, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक घरांत होत नाही.

एडिस फार लांब उडत नाही. त्याचा वावर साधारणपणे काहीशे मीटरच्या आत असतो. विषाणूला मात्र लोकल गाडी मिळते. डोंबिवलीहून रोज मुंबईला जाणाऱ्याला डास कार्यालयातही चावू शकतो आणि अंगात विषाणू घेऊन तो संध्याकाळी घरी परततो. एखाद्या इमारतीत डेंग्यूचा रुग्ण निघाला की रोग कुठून आला यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या इमारतीतल्या आणि आसपासच्या सगळ्या पाणीसाठ्यांची त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी.

या विषाणूंच्या अभ्यासात पुण्याचे स्थान मोठे आहे. तेथील राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९७३ मध्ये चिकुनगुनियाची साथ आली. त्यानंतर हा रोग देशातून जवळजवळ दिसेनासा झाला, आणि २००५-०६ मध्ये मोठ्या साथीने परतला. झिकाचा राज्यातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात आढळला. झिकाचा वाहकही एडिसच. गर्भवतीला झिका झाल्यास बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून गरोदरपणातला ताप अंगावर काढू नये.

रात्री कानाशी गुणगुणणारा, नाल्याच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स हा तिसरा. त्याच्याकडून हत्तीरोग पसरतो. लोकांची तक्रार सर्वाधिक याच्याबद्दल असते आणि धूरफवारणीची मागणीही त्यातूनच येते. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात. अळ्या, कोष आणि अंडी शाबूत राहतात. घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसलेल्या एडिसपर्यंत रस्त्यावरचा धूर बहुधा पोचतही नाही. साथीच्या वेळी फवारणीचा उपयोग आहे, पण तिच्यावर विसंबून टाकी उघडी ठेवणे धोक्याचे आहे. अंड्यापासून डास होण्यास पावसाळ्यात साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळण्यामागचे गणित हेच. रिकामी करता न येणारी विहीर किंवा कारंजे असेल तर गप्पी मासे सोडावेत. ॲबेट या अळीनाशकाचे प्रमाण महापालिकेच्या कर्मचाऱ्यांकडूनच ठरवून घ्यावे. अळ्या ओळखणे अवघड नाही: ॲनाफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते, एडिस आणि क्युलेक्सची डोके खाली करून तिरकी लटकते.

जून ते नोव्हेंबर या काळात या भागात आलेला कोणताही ताप रक्ततपासणीशिवाय साधा विषाणूजन्य समजू नये. हिवतापाची तपासणी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत, तसेच कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथे होते. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम ही एलायझा पद्धतीची तपासणी उपयोगी पडते. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे ती टाळावीत.

डेंग्यूत ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. खरा धोक्याचा काळ तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तदाब खाली जाऊ शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अतिशय ग्लानी, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. नातेवाईक प्लेटलेटच्या आकड्यामागे धावतात. डॉक्टरांचे लक्ष रक्ताचा दाटपणा दाखवणारे हिमॅटोक्रिट, नाडी आणि रक्तदाब यांवरही तेवढेच असते. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवण्याची सहसा गरज नसते. पपईच्या पानांच्या रसाने रोग आटोक्यात येतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि रसावर विसंबून वेळ घालवणे जिवावर बेतू शकते.

लशींच्या बाबतीत हालचाल आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली आर-२१ लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारशीस पात्र ठरवली. ती फाल्सिपेरम प्रकारच्या हिवतापावरची, आणि तिचा वापर मुख्यतः आफ्रिकेतील बालकांसाठी होत आहे. भारतीय बनावटीच्या डेंग्यू लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली.

ठाणे-कल्याण भागात मात्र हिवतापाचे अधिक रुग्ण व्हायवॅक्स प्रकारचे असतात. हा परजीवी यकृतात सुप्तावस्थेत दडून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने ताप जातो, पण यकृतातला परजीवी जात नाही. त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. बरे वाटू लागताच चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या बंद करणारे रुग्ण पुन्हा तापाने आजारी पडतात आणि दरम्यान डासांना परजीवी पुरवतात. गर्भवती आणि एक वर्षाखालील बाळ यांना प्रायमाक्विन देत नाहीत. जी-६-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांत या औषधाने रक्तपेशी फुटू शकतात, म्हणून गोळ्या सुरू असताना लघवी गडद तांबूस झाली तर त्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कोर्स पुरा झाल्यावरही वर्षभरात ताप आला, तर आधीच्या हिवतापाची माहिती देऊन रक्त पुन्हा तपासून घ्यावे.