बांधलेली होडी आणि वायरिंगची आग



आपल्यापैकी बऱ्याच जणांची शेतीबरोबर होडीही आहे. पावसाळी बंदीत होड्या खाडीत एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात. एकीची वायर पेटली तर फायबर भराभर जळतं आणि शेजारची होडीही जाते. होडीवर कोणी नसतं, त्यामुळे धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

*आग का लागते?*
"बारा व्होल्टच तर आहे," असं आपण म्हणतो. त्याचा झटका बसत नाही हे खरं, पण आग लागते ती उष्णतेने. खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतं, जोड ढिला होतो आणि करंट जाताना तिथेच तापतो. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

*काय करायचं?*
१. होडी सोडताना बॅटरीचा मेन स्विच बंद करा. पाणी उपसणारा पंप चालू ठेवायचा असेल, तर त्याची वायर वेगळी घ्या आणि तिला स्वतंत्र फ्यूज लावा.
२. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तो वायरच्या जाडीप्रमाणे निवडा. फ्यूज उडाला म्हणून तिथे साधी तार कधीच गुंडाळू नका.
३. टर्मिनलवर हिरवी-पांढरी भुकटी दिसली तर आधी निगेटिव्ह वायर काढा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, घट्ट आवळा, वर व्हॅसलिन लावा. निगेटिव्ह वायर शेवटी जोडा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.
४. चार्जिंग करताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. झाकण उघडं ठेवा, विडी-काडी लांब ठेवा.
५. जेट्टीवरून २३० व्होल्टची लाईन घेत असाल तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड होडीवर नेऊ नका. रात्रभर चार्जर लावून घरी जाऊ नका.

*आग लागलीच तर*
आधी माणसं उतरवा. हात पोचत असेल तरच मेन स्विच आणि जेट्टीची लाईन बंद करा. लाईन चालू असताना पाणी मारू नका, ड्राय पावडरचा सिलिंडर वापरा. फायबरचा धूर विषारी असतो, केबिनमध्ये शिरू नका. शेजारच्या होड्यांचे दोर सोडा. लगेच १०१ किंवा ११२ ला फोन करा.

*आजचं काम:* दिवे पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून प्रत्येक जोडाजवळ वायरच्या कव्हरला हात लावून बघा. गरम लागला तो जोड आजच दुरुस्त करा.

तुमच्या शेजारी ज्याची होडी बांधलेली आहे, त्यालाही हा मेसेज पाठवा. त्याची वायर पेटली तर झळ आपल्यालाही लागते.