सत्तरीनंतरचा इस्पितळाचा विमा

घरातले म्हातारे माणूस आजारी पडले की आपण आधी इस्पितळ गाठतो आणि मग कागद शोधू लागतो. हा क्रम बदलला पाहिजे.

केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजना ७० वर्षे व त्यावरील सर्वांना खुली केली. उत्पन्नाची अट नाही, हप्ता नाही. या कार्डाचे नाव ‘आयुष्मान वय वंदना’. त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचार मिळतात. आधीपासूनचा मधुमेह वा हृदयविकारही पहिल्या दिवसापासून धरला जातो.

मात्र हे ५ लाख माणशी नव्हेत. नवरा-बायको दोघांनीही सत्तरी ओलांडली असेल तर रक्कम दोघांत मिळून. ज्या गरीब कुटुंबाचे नाव योजनेत आधीपासून आहे, त्यातील वृद्धांना मात्र निराळे ५ लाख मिळतात. तरुणांना त्यांत वाटा नाही. माजी सैनिकांची किंवा केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना असलेल्यांना दोहोंपैकी एक निवडावी लागते.

वय आधार कार्डावरूनच ठरते, आणि आपली गाडी अडते ती इथेच. पुष्कळांच्या जन्मतारखा अंदाजाने लिहिलेल्या आहेत. एका आजोबांसाठी मी बाप्तिस्म्याची वही चाळली, तर आधारवर ते चार वर्षांनी लहान निघाले! पण नुसती वही दाखवून भागत नाही. आधारच दुरुस्त करावे लागते, आणि जन्मतारीख बदलण्याची संधी सहसा एकदाच मिळते. म्हणून दुरुस्तीला जाताना कागदपत्रे नीट पाहून जावे.

दुसरी अडचण बोटांची. जन्मभर कुदळ धरलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. तेवढ्याने माघारी फिरू नये. आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी, डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा यांवरूनही ओळख पटवता येते.

रोजच्या गोळ्या आणि नुसती तपासणी यात येत नाही. दाखल व्हावे लागते. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च धरतात. प्रत्येक इस्पितळ योजनेत नसते, तेव्हा १४५५५ या क्रमांकावर आधी विचारावे. योजनेतील उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर तक्रारही तेथेच करावी.

सत्तरीच्या आतील अपंगांना हे कार्ड मिळत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी ‘निरामय’ ही राष्ट्रीय न्यासाची योजना आहे: वर्षाला १ लाखापर्यंत, आणि तिच्यात दाखल न होता घेतलेले उपचारही येतात. तिला वयाची अट नाही, अपंगत्वाचा दाखला मात्र लागतो. नुसत्या अंधत्वाला किंवा पायाच्या अधूपणाला तिच्यात जागा नाही, याची खंत वाटते. आणि तिचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. मुलाचे नाव एकदा घातले म्हणून आईबापांनी स्वस्थ बसू नये.